संगणक देखभाल व्यवसाय

संगणक देखभाल व्यवसाय हा लघु व मध्यम आस्थापनांची संगणक यंत्रणा मोबदला घेऊन बाहेरून सांभाळून देणारा सेवा व्यवसाय होय. सनदी लेखापालाचे कार्यालय, औषधांचा घाऊक विक्रेता, औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचा कारखाना, पतसंस्था, रुग्णालय, शाळा अशा ठिकाणी पाचपासून शंभरपर्यंत संगणक असतात. त्यांच्यासाठी पूर्णवेळ संगणक अभियंता नेमणे परवडत नाही, किंवा नेमल्यास त्याला दिवसभर पुरेल एवढे काम नसते. अशा अनेक आस्थापनांचे थोडेथोडे काम एकत्र करून मोजक्या तंत्रज्ञांचा दिवस भरणे हा या व्यवसायाचा आर्थिक पाया आहे. भारतात तो मुख्यतः वार्षिक देखभाल कराराच्या रूपाने चालतो. बोलण्यात या करारास सर्वत्र 'एएमसी' असेच म्हणतात.

कोणत्या आस्थापनेस लघु वा मध्यम म्हणावे हे भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाखाली ठरते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, १०० कोटींपर्यंतचा लघु आणि ५०० कोटींपर्यंतचा मध्यम मानला जातो. यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीच्या मर्यादा अनुक्रमे २.५ कोटी, २५ कोटी व १२५ कोटी रुपये आहेत. देखभाल कंपनीच्या दृष्टीने मात्र उलाढालीपेक्षा संगणकांची संख्या आणि काम बंद पडल्यास होणारे नुकसान या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात. स्वतः देखभाल कंपनीही बहुधा सूक्ष्म उद्योगातच मोडते, आणि या लेखात पुढे येणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

इतिहास

संगणक एकाचा आणि त्याची देखभाल दुसऱ्याकडे, ही व्यवस्था भारतात मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती एका राजकीय निर्णयामुळे. १९७० च्या दशकापर्यंत देशातील बहुसंख्य मोठे संगणक आयबीएम या अमेरिकी कंपनीचे होते. ते प्रायः भाड्याने दिले जात आणि दुरुस्तीची जबाबदारी कंपनीकडेच राही. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांवर आपला भागहिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे बंधन आले. आयबीएमने ते मान्य केले नाही आणि १९७८ मध्ये ती भारतातून बाहेर पडली. मागे राहिलेल्या यंत्रांचे काय करायचे, हा प्रश्न रेल्वेपासून संशोधन संस्थांपर्यंत अनेकांसमोर उभा राहिला. भारत सरकारने १९७५ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजेच पुढे सीएमसी या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीकडे, या यंत्रांची देखभाल सोपविण्यात आली. आयबीएममधील अनेक तंत्रज्ञ तिकडे रुजू झाले. दुसऱ्या कोणी बनविलेले यंत्र सुटे भाग जमवून, प्रसंगी पर्याय शोधून चालू ठेवण्याचे जे कौशल्य या काळात तयार झाले, ते पुढील पिढीच्या कामाचा पाया ठरले. सीएमसीचे नियंत्रण २००१ मध्ये टाटा समूहाकडे गेले आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.

लहान व्यावसायिकांपर्यंत संगणक पोहोचला तो १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर. आयात सुलभ झाली, सुटे भाग येऊ लागले आणि १९९० च्या दशकात 'असेंबल्ड' संगणकांचा बाजार वाढला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळुरूमधील एस. पी. रोड ही या बाजाराची केंद्रे बनली. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम व कॅबिनेट वेगवेगळे विकत घेऊन जोडलेल्या संगणकास एका उत्पादकाची हमी नसे. तो बिघडला की जोडून देणाऱ्यालाच बोलावले जाई. त्यामुळे संगणक विकणारा दुकानदारच दुरुस्ती करणारा झाला, आणि आजही अनेक देखभाल कंपन्यांची सुरुवात एखाद्या विक्रीच्या दुकानातूनच झालेली दिसते.

या वाटचालीचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पुण्याची क्विक हील ही कंपनी. कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःच्या दुकानात संगणक दुरुस्तीचे काम घेतले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा वारंवार उपद्रव आढळू लागला, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर उपाय करणारी आज्ञावली लिहिली. दुरुस्तीचे दुकान मागे पडून विषाणूरोधक सॉफ्टवेअर हाच मुख्य व्यवसाय झाला आणि २०१६ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदविले गेले. असे उदाहरण विरळाच. बहुतेक देखभाल व्यवसाय दोन ते दहा माणसांच्या आकारातच राहतात.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर संगणकावरील अवलंबित्वाचे स्वरूप बदलले. तोपर्यंत संगणक आठवडाभर बंद पडला तरी लहान व्यापारी वहीवर लिहून वेळ निभावून नेत असे. आता विवरणपत्रे ठरावीक तारखेस ऑनलाइन भरावी लागतात, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकास द्यायची बिले ई-इन्व्हॉइस पद्धतीने सरकारी संकेतस्थळावर नोंदवावी लागतात. ही नोंद झाल्याशिवाय बिल वैध होत नाही आणि बिलाशिवाय मालाची गाडी दारातून हलत नाही. देखभाल कंपन्यांकडे येणाऱ्या तक्रारींची भरती-ओहोटीही यामुळे पंचांगासारखी ठरून गेली आहे: मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांची महिन्याची ११ व २० तारीख, तसेच जुलै आणि सप्टेंबरची अखेर, हे दिवस सर्वाधिक घाईचे असतात.

कराराचे प्रकार

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे बिघाड झाला की बोलवायचे आणि प्रत्येक भेटीचे पैसे द्यायचे. ग्राहकाला ती स्वस्त वाटते. परंतु या पद्धतीत दुरुस्ती करणाऱ्याचे उत्पन्न ग्राहकाच्या बिघाडांवर अवलंबून राहते. यंत्रे नीट चालली तर त्याचे काम कमी होते. याचा अर्थ तो मुद्दाम काम अर्धवट ठेवतो असे नव्हे. पण बिघाड मुळातच होऊ नये यासाठी वेळ घालविण्याचे त्याला आर्थिक कारण उरत नाही.

वार्षिक करार दोन प्रकारचे असतात. 'नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह' करारात केवळ श्रम व भेटी अंतर्भूत असून सुट्या भागांची किंमत ग्राहक वेगळी देतो. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' करारात सुटे भागही देखभाल कंपनीच बदलून देते. दुसऱ्या प्रकाराचा दर अर्थातच जास्त असतो आणि त्यातही प्रिंटरचे शाईचे डबे, यूपीएसची बॅटरी, विजेच्या दाबामुळे झालेले नुकसान, उंदराने कुरतडलेली केबल असे अपवाद करारात लिहिलेले असतात. वाद प्रामुख्याने या अपवादांवरूनच होतात. म्हणून करार करण्यापूर्वी प्रत्येक यंत्राची पाहणी करून त्याचा अनुक्रमांक, वय आणि त्या वेळची स्थिती नोंदविणारी यादी जोडण्याची प्रथा आहे. ही यादी नसलेला करार दोन्ही पक्षांना त्रासदायक ठरतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरा प्रकार अमेरिकेत व युरोपात २००० नंतर वाढीस लागला आणि भारतातही हळूहळू रुजतो आहे. यात दरमहा ठरावीक शुल्क घेऊन कंपनी ग्राहकाच्या प्रत्येक संगणकावर एक छोटी आज्ञावली बसविते. हार्ड डिस्क भरत आली, विषाणूरोधक बंद पडला, रात्रीचा बॅकअप झाला नाही, अशा सूचना त्या आज्ञावलीकडून कंपनीच्या कार्यालयात आपोआप येतात आणि ग्राहकाने तक्रार करण्यापूर्वीच उपाय करता येतो. यास व्यवस्थापित सेवा असे म्हणतात.

दर आणि हिशेब

ठरावीक शुल्काचा करार फायद्यात जातो की तोट्यात, हे दरावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक एका यंत्रामागे वर्षात किती तक्रारी येतात यावर अवलंबून असते. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका संगणकास वर्षाला १,८०० रुपये या दराने एकूण ३०० संगणकांचे करार मिळाले. वार्षिक उत्पन्न ५,४०,००० रुपये होईल. एका तंत्रज्ञाचे वेतन दरमहा २०,००० रुपये व पेट्रोल-दूरध्वनी दरमहा ५,००० रुपये धरले, तर त्याच्यावर वर्षाला ३,००,००० रुपये खर्च होतात. कार्यालयाचे भाडे, पर्यायी यंत्रे, किरकोळ खर्च मिळून आणखी १,२०,००० रुपये गेले, तर मालकास १,२०,००० रुपये उरतात. आता प्रत्येक संगणकामागे वर्षात सरासरी चार तक्रारी आल्या, तर एकूण १,२०० तक्रारी होतात. वर्षात कामाचे ३०० दिवस धरल्यास रोजच्या चार. यांपैकी निम्म्या दूरस्थ पद्धतीने सुटल्या, तर एक तंत्रज्ञ बाकीच्या दोन भेटी सहज करू शकतो. परंतु तक्रारी दुप्पट झाल्या, तर रोजच्या आठ तक्रारींना एक माणूस पुरत नाही. दुसरा तंत्रज्ञ घ्यावा लागतो, खर्च ३,००,००० रुपयांनी वाढतो आणि १,२०,००० रुपयांच्या नफ्याचे १,८०,००० रुपयांच्या तोट्यात रूपांतर होते. दर तोच, ग्राहक तेच.

ठरावीक शुल्काच्या पद्धतीत देखभाल कंपनीचे हित यंत्रे न बिघडण्यात असते ते यामुळेच. जुनी हार्ड डिस्क वेळेत बदलणे, एसएसडी बसविणे, वापरकर्त्यास सॉफ्टवेअर बसविण्याचे अधिकार न देणे, अशा उपायांनी तक्रारींची सरासरी चारवरून दोनवर आली, तर त्याच मनुष्यबळात आणखी ३०० संगणक सांभाळता येतात. या पद्धतीलाही दुसरी बाजू आहे. शुल्क आगाऊ मिळाल्यावर कमीत कमी भेटी देऊन वेळ मारून नेण्याचा मोह कंपनीला होऊ शकतो. म्हणून तिमाही प्रतिबंधक देखभाल, म्हणजे तक्रार नसतानाही येऊन यंत्रे साफ करणे व तपासणे, करारात स्पष्ट लिहून घेतले जाते आणि प्रत्येक भेटीच्या अहवालावर ग्राहकाची सही व शिक्का घेतला जातो.

प्रतिसादाचा कालावधी आणि दुरुस्तीचा कालावधी यांतील फरक सामान्य ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. 'चार तासांत प्रतिसाद' याचा अर्थ चार तासांत माणूस येईल किंवा दूरस्थ पद्धतीने काम सुरू करील, एवढाच होतो. यंत्र चार तासांत चालू होईल असा होत नाही. यंत्रणा ९९.९ टक्के वेळ चालू राहील अशी हमी मोठ्या कंपन्या देतात. तिचा अर्थ वर्षभरात सुमारे पावणेनऊ तास बंद राहण्यास मुभा, असा आहे. लहान देखभाल कंपनीने अशी टक्केवारी लिहून देणे धोक्याचे असते, कारण वीज आणि इंटरनेट या दोन्ही गोष्टी तिच्या हातात नसतात.

दैनंदिन कामाचे स्वरूप

तक्रार दूरध्वनीवर, ईमेलने किंवा, आता बहुधा, व्हॉट्सॲपवर येते. सुव्यवस्थित कंपनीत तिला लगेच क्रमांक दिला जातो. यासाठी खास सॉफ्टवेअर मिळते, पण सुरुवातीस साधी वही किंवा स्प्रेडशीटही पुरते. क्रमांकाचा उपयोग ग्राहकापेक्षा कंपनीलाच जास्त होतो: कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या यंत्राने वर्षभरात किती वेळ खाल्ला हे त्यावरून कळते, आणि नूतनीकरणाच्या वेळी दर वाढविण्यास आधार मिळतो.

टीमव्ह्यूअर हे जर्मन सॉफ्टवेअर २००५ मध्ये आले, पुढे एनीडेस्कसारखे पर्याय आले, आणि तंत्रज्ञाने आपल्या जागेवरून ग्राहकाचा संगणक हाताळणे सोपे झाले. प्रिंटर दिसत नाही, ईमेल जात नाही, टॅली उघडत नाही अशा तक्रारी आता बहुधा दूरस्थ पद्धतीनेच सुटतात. हाताने करायची कामे मात्र राहतातच. संगणक चालू होऊन पडद्यावर काही न येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर जमलेला थर. रॅम काढून पट्ट्या साध्या खोडरबराने पुसून परत बसविणे हा त्यावरील जुना आणि बहुतेक वेळा लागू पडणारा उपाय आहे. मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटू लागतात आणि कराचे संकेतस्थळ उघडत नाही. ग्राहक इंटरनेट बंद असल्याची तक्रार करतो, प्रत्यक्षात दोष तीस-चाळीस रुपयांच्या सेलचा असतो. अनुभवी तंत्रज्ञ म्हणूनच प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहतो.

वीजपुरवठा हा तर या व्यवसायातील स्वतंत्र विषय आहे. अर्थिंग नीट नसल्यास संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात, यंत्र अकारण अडकते किंवा पुन्हा सुरू होते. हा दोष संगणकात शोधत बसल्यास सापडत नाही; वीजतंत्र्याला बोलवावे लागते. यूपीएसची शिसे-आम्ल बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत निकामी होते आणि तिची क्षमता हळूहळू घटत असल्याने वीज जाईपर्यंत ते कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या विजांच्या कडकडाटात गच्चीवरून आणलेल्या तांब्याच्या केबलमधून राउटर आणि नेटवर्क पोर्ट जळतात. यावरून मे महिन्यातच केबल व अर्थिंगची तपासणी करून घेण्याची पद्धत पडली आहे.

महाराष्ट्रात या कामास भाषेचाही एक पदर आहे. छापखाने, दस्तलेखक, पतसंस्था व जुनी कार्यालये यांच्याकडे युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला तो मजकूर नव्या संगणकावर त्याच फॉन्टशिवाय निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. काही आवृत्त्या संगणकाच्या मागे लावायच्या 'डोंगल' नावाच्या कुलपाशिवाय चालत नाहीत, आणि जुने डोंगल जोडण्याची खाच नव्या संगणकांना नसते. एका डोंगलपायी पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक जपून ठेवलेला छापखाना ही या व्यवसायात नवलाची गोष्ट नाही.

बॅकअप आणि सुरक्षा

संगणक पुन्हा विकत घेता येतो. ग्राहकांची येणी, मालाचा साठा, दहा वर्षांचे हिशेब हे मात्र विकत मिळत नाहीत. देखभाल कंपनीच्या कामाचा खरा कस म्हणूनच बॅकअपमध्ये लागतो. यासाठी सर्वमान्य असा ३-२-१ चा नियम आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर. लहान कार्यालयांत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे बॅकअपची बाह्य हार्ड डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवणे. खंडणीखोर विषाणू, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा रॅन्समवेअर, संगणकात शिरला की जोडलेल्या त्या डिस्कवरील प्रतीही तो कुलूपबंद करतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. बॅकअप रोज होतो, हिरवी खूण रोज दिसते, पण ती प्रत परत उतरवून पाहण्याचा प्रयोग कोणी केलेला नसतो. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी चुकीच्या फोल्डरचीच प्रत वर्षभर घेतली गेल्याचे उघड होते. निदान तिमाहीत एकदा प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून हिशेब उघडून दाखविणे आणि त्यावर ग्राहकाची सही घेणे हाच यावरील भरवशाचा उपाय मानला जातो.

कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या ग्राहकांच्या बाबतीत ही केवळ सावधगिरी राहिलेली नाही. २०२२ मधील दुरुस्तीनंतर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशेबात केलेला प्रत्येक बदल नोंदविणारे व ती नोंद बंद करता न येणारे लेखा सॉफ्टवेअर वापरावे लागते.

सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर बसविण्याचे महत्त्व २०१७ मध्ये जगासमोर आले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी विंडोजमधील एका त्रुटीवरील दुरुस्ती प्रसिद्ध केली होती; त्याच त्रुटीचा फायदा घेणारा वॉनाक्राय हा विषाणू १२ मे रोजी पसरला. मधल्या सुमारे दोन महिन्यांत ज्यांनी दुरुस्ती बसविली, ते वाचले. २७ जून रोजी आलेल्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पाडली आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. लहान कार्यालयांत दुरुस्त्या बंद ठेवण्याचे एक कारण जगजाहीर, तरीही क्वचितच लिहिले जाते: विंडोज किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर परवाना न घेता बसविलेले असते आणि अद्ययावत केल्यास ते चालणार नाही अशी भीती असते. ग्राहकाच्या आग्रहास्तव असे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या तंत्रज्ञालाही कायद्याची झळ लागू शकते. प्रतिलिपी अधिकार अधिनियमाच्या कलम ६३ ख अन्वये बेकायदा प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या संगणकांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. विंडोज ११ ला आवश्यक असलेली सुरक्षा चिप व प्रोसेसर अनेक चालत्या संगणकांत नाहीत.

विश्वासाचा प्रश्न

देखभाल कंपनीकडे एकाच वेळी पन्नास-शंभर आस्थापनांचे पासवर्ड असतात. त्यांच्या बँक खात्यांपर्यंत, वेतनपत्रकांपर्यंत, रुग्णांच्या नोंदींपर्यंत ती पोहोचू शकते. त्यामुळे चोरास शंभर दारे फोडण्यापेक्षा किल्ल्यांचा जुडगा ठेवणाऱ्या एकालाच गाठणे सोयीचे पडते. २ जुलै २०२१ रोजी नेमके हेच घडले. देखभाल कंपन्या वापरीत असलेल्या कासेया या अमेरिकी कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून रेव्हिल या टोळीने रॅन्समवेअर सोडला. थेट बाधित देखभाल कंपन्या साठाहून कमी होत्या. पण त्यांच्यामार्फत जगभरातील सुमारे १,५०० पर्यंत व्यवसाय बाधित झाल्याचे कासेयाने सांगितले. स्वीडनमधील को-ऑप या साखळीची गल्लायंत्रे बंद पडल्याने तिला आपली बहुसंख्य दुकाने काही दिवस बंद ठेवावी लागली. त्या दुकानांनी स्वतः काहीच चुकीचे केले नव्हते.

भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात माहिती गोळा करणारी आस्थापना आणि तिच्या वतीने ती हाताळणारा असा भेद केलेला आहे. देखभाल कंपनी माहिती साठविते वा हाताळते तेव्हा ती दुसऱ्या वर्गात येते, परंतु कायद्यासमोरची जबाबदारी पहिल्या वर्गावरच राहते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पासवर्ड डायरीत लिहिण्याची किंवा सर्व ग्राहकांसाठी एकच पासवर्ड ठेवण्याची जुनी सवय या पार्श्वभूमीवर सोडावीच लागते.

मनुष्यबळ

तंत्रज्ञ प्रामुख्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन पदविका किंवा खासगी हार्डवेअर-नेटवर्किंग वर्गांतून येतात. पहिली दोन वर्षे ते शिकतात. शिकून झाले की मोठ्या शहरातील मोठ्या कंपनीत जातात किंवा स्वतःचे काम सुरू करतात. ग्राहकाची ओळख मालकापेक्षा रोज येणाऱ्या तंत्रज्ञाशी अधिक असते. त्यामुळे तो बाहेर पडला की काही ग्राहक त्याच्यामागे जातात. यास आळा घालण्यासाठी नोकरीच्या करारात 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे हा व्यवसाय करणार नाही' अशी अट घालण्याचा प्रघात आहे, परंतु १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमातील कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. गोपनीय माहिती व पासवर्ड नेण्यास मनाई करणारी अट मात्र टिकू शकते. व्यवहारात मालकाने स्वतः वर्षातून दोन-तीनदा प्रत्येक ग्राहकाकडे जाणे हाच अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

येणी व करभार

या व्यवसायातील कंपन्या बंद पडण्याचे कारण ग्राहक न मिळणे हे फारसे नसते. मिळालेल्या ग्राहकांचे पैसे वेळेवर न येणे हे असते. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते आणि देखभाल सेवेवर १८ टक्के कर आकारावा लागतो. एक लाख रुपयांच्या वार्षिक कराराचे बिल दिले की १८,००० रुपये कर पुढील विवरणपत्रासोबत भरावा लागतो, मग ग्राहकाने बिल चुकते केलेले असो वा नसो. तीन महिने पैसे न आल्यास लहान कंपनी प्रत्यक्षात ग्राहकाच्या वतीने स्वतःच्या खिशातून कर भरत असते. याशिवाय मोठा ग्राहक बिलातून उद्गम करही कापून घेतो. तो विवरणपत्र भरल्यानंतरच समायोजित होतो वा परत मिळतो.

कायद्याने संरक्षण दिलेले आहे. २००६ च्या अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. त्यात भर म्हणून, या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा न करू देणारी तरतूद २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात आणली. तिचा धाक तक्रारीपेक्षा अधिक आहे, कारण ग्राहकाचा लेखापालच त्याला वर्षअखेरीस पैसे देऊन टाकण्यास सांगतो. तक्रारीसाठी २०१७ पासून 'समाधान' हे सरकारी संकेतस्थळ आहे. पण पाच हजारांच्या येण्यासाठी तक्रार केली की पुढील वर्षाचा करार हातचा जातो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. म्हणून तिमाही आगाऊ शुल्क आणि थकबाकी ठरावीक दिवसांपुढे गेल्यास सेवा स्थगित करण्याचे कलम, या दोन गोष्टी करारात सुरुवातीसच लिहून ठेवतात.

कराराचा शेवट

करार संपतो किंवा ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जातो तेव्हा हस्तांतरणाचा प्रश्न उभा राहतो. राउटर, सर्व्हर, ईमेल व सीसीटीव्ही यांचे मुख्य पासवर्ड, सॉफ्टवेअरचे परवाने, जाळ्याचा आराखडा आणि बॅकअपच्या जागा ही ग्राहकाची मालमत्ता आहे. थकबाकीच्या वसुलीसाठी ती अडवून ठेवणे व्यावसायिक नीतीस धरून नाही आणि कायदेशीर वादासही निमंत्रण देते. सर्वांत गुंतागुंत होते ती संकेतस्थळाच्या नावाची. अनेक लहान व्यावसायिकांचे डोमेन पूर्वी कधीतरी तंत्रज्ञाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर नोंदविलेले असते. तो तंत्रज्ञ व्यवसाय सोडून गेला किंवा त्याचे निधन झाले, तर नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही, आणि मुदत संपताच संकेतस्थळाबरोबर त्या नावावर चालणारे सर्व ईमेलही बंद पडतात. एका माणसाच्या बळावर चालणाऱ्या देखभाल कंपनीने म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या पासवर्डांचा मोहोरबंद लिफाफा ग्राहकाच्याच तिजोरीत ठेवावा आणि बदल झाला की तो नव्याने भरावा, अशी पद्धत काही ठिकाणी पाळली जाते.

बाद झालेले संगणक १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावयाचे असतात. ते देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घेतली जाते. साध्या 'फॉरमॅट'ने माहिती पुसली जात नाही, केवळ तिची अनुक्रमणिका जाते. त्यामुळे डिस्कवर पूर्णपणे नवी माहिती लिहितात, किंवा तबकड्यांना भोके पाडून ती भंगारात देतात.